हवा गेली तरी धांवणारें चाक

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस सायकलच्या पंक्चरचा अनुभव आहेच. शाळेची घंटा व्हावयास दहा मिनिटें उरलेलीं असावीं आणि नेमकें त्याच वेळीं मागील चाकांतून फुस्स असा आवाज यावा, हा प्रसंग पुष्कळांवर आला असेल. अशा वेळीं, "हवा गेली तरी चालेल असें चाक कोणीं कां केलें नाहीं?" हा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं. वस्तुतः असें चाक मनुष्यानें केव्हांच तयार केलें आहे. इतकेंच नव्हे, तर तें हातीं आल्यावरही कित्येक लोक तें काढून पुन्हां साधा टायर बसवितात! हा प्रकार प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटतो. परंतु त्याच्या मुळाशीं विचार आहे. तो विद्यार्थ्यांस बोधप्रद व पालकांस उपयुक्त होईल अशा समजुतीनें आम्ही तो येथें मांडीत आहों.

या लेखास निमित्त झालें तें एका पत्राचें. आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त अमेरिकेंतील ओहायो राज्यांत राहतात. त्यांनीं तेथें दोन आसनांची एक जुनी स्पोर्ट्स मोटार विकत घेतली. तिचे टायर रन-फ्लॅट जातीचे, म्हणजे हवा गेल्यावरही कांहीं अंतर धांवणारे होते. ते झिजून नवे घेण्याची वेळ आली तेव्हां मित्रमंडळींनीं सल्ला दिला, "साधे टायर घाला. गाडी मऊ चालेल आणि पैसेही वांचतील." या गृहस्थांच्या पत्नी रुग्णालयांत परिचारिका असून आठवड्यांतून दोन रात्रीं हीच गाडी घेऊन कामावर जात. त्या म्हणाल्या, "अहो, मध्यरात्रीं रस्त्यांत टायर बसला तर मीं काय करावें, तें आधीं सांगा, मग टायर बदला." या एका वाक्यांत सर्व प्रश्न आला आहे. त्याचें उत्तर नीट समजावयाचें तर प्रथम टायर गाडीचें ओझें कसें वाहतो हें पाहिलें पाहिजे.

आपल्या बैलगाडीच्या लांकडी चाकावर लोखंडाची धांव चढविलेली असते. ती झिजते, क्वचित् निसटते, परंतु तिला पंक्चर होत नाहीं. मात्र तिच्यावरून जातांना प्रत्येक दगड हाडांस मोजतां येतो. हा त्रास कमी करण्यासाठीं रबराचा उपयोग करावा ही कल्पना पुढें आली. कच्चें रबर उन्हानें चिकट होतें व थंडीनें कडक होतें. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं रबर व गंधक एकत्र तापवून तें टिकाऊ करण्याची युक्ति शोधून काढली. १८४५ सालीं रॉबर्ट थॉमसन यानें हवेनें भरलेल्या चाकाचें पेटंट घेतलें. परंतु तें त्या काळीं प्रचारांत आलें नाहीं. पुढें बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेची नळी असलेलें चाक बनविलें व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून हवेचा टायर जगभर पसरला, आणि त्याच्याबरोबर पंक्चरही पसरलें.

आतां एक लहानसें गणित करूं. १,५०० किलो वजनाची मोटार आहे असें धरा. चारही चाकांवर भार सारखा वांटला गेला तर प्रत्येकावर ३७५ किलो येतात. टायरमध्यें दर चौरस इंचास ३० पौंड दाबाची हवा भरली असेल, तर तो दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें २.१ किलो होतो. ३७५ ला २.१ नें भागिलें असतां सुमारें १८० येतात. म्हणजे टायरचा सुमारें १८० चौरस सेंटिमीटर एवढाच भाग जमिनीस टेंकलेला असतो. आपला पंजा बोटांसह वहीवर ठेवून पाहा. साधारण तेवढीच जागा व्यापली जाते. रबराच्या ताठपणामुळें या हिशेबांत थोडाफार फरक पडतो, परंतु मुख्य गोष्ट खरी कीं, ओझें वाहते ती हवा. रबर व त्यांतील दोऱ्यांचे थर हे त्या हवेची पिशवी आहेत. हवा गेली कीं ही पिशवी मुडपते, टायरची कडा चाकाच्या रिमवरून सुटूं शकते, आणि गाडी रिमवर येते.

रन-फ्लॅट टायरची युक्ति या पिशवीच्या बाजूंत आहे. साध्या टायरच्या बाजूची भिंत पातळ व लवचिक असते. रन-फ्लॅट टायरच्या भिंतींत उष्णता सहन करणाऱ्या रबराचा जाड थर घातलेला असतो. हवा भरलेली असतां त्याचें विशेष काम नसतें. हवा गेली म्हणजे तो खांबाप्रमाणें गाडीचें वजन उचलून धरतो. अशा टायरसाठीं बनविलेल्या रिमवरही, टायरची कडा घसरूं नये म्हणून, खास उंचवटा ठेवलेला असतो. परंतु हा खांब कायमचा नव्हे. प्रत्येक फेऱ्यास भिंत वांकते व सरळ होते. त्या मोडामोडींत ती तापत जाते, आणि अखेर आंतून फाटूं लागते. म्हणून हवा गेल्यावर ताशीं ८० किलोमीटरपेक्षां अधिक वेगानें जाऊं नये व ८० किलोमीटरपेक्षां अधिक दूर जाऊं नये, अशी मर्यादा बहुतेक कारखानदार घालतात. तेवढ्यांत घर किंवा दुरुस्तीचें दुकान गांठावयाचें असतें.

अशा प्रकारचे प्रयत्न पूर्वींपासून चाललेले होते. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंडांत डनलॉप कंपनीनें 'डेनोव्हो' नांवाचा टायर काढला. त्यांत हवा गेल्यावर आंतल्या डब्यांतील वंगण बाहेर पडून रबराचें घर्षण कमी करी. परंतु स्पोर्ट्स मोटारींच्या इतिहासांत या विषयाचें ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेची 'शेव्हरोले कॉर्व्हेट' ही होय. १९५३ सालीं निघालेल्या या गाडीस १९९४ सालीं गुडइयर कंपनीचे रन-फ्लॅट टायर मागणीप्रमाणें मिळूं लागले. आणि १९९७ सालीं तिची पांचवी पिढी बाजारांत आली तेव्हां ते सर्वच गाड्यांस देण्यांत आले. त्याबरोबर जादा चाक, म्हणजे आपण ज्यास स्टेपनी म्हणतों तें, गाडींतून नाहींसें झालें.

येथें विद्यार्थ्यांसाठीं सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, स्टेपनी हा शब्द वेल्समधून आलेला आहे. तेथील लानेली गांवीं स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरील दुकानांत १९०४ च्या सुमारास मोटारीचें जादा चाक तयार होऊं लागलें, आणि त्या रस्त्याचें नांव आपल्या गॅरेजांत अद्यापि चालूं आहे.

कॉर्व्हेटमध्यें स्टेपनी कां ठेवली नाहीं, याचें एक कारण टायरवरील आंकड्यांवरून समजतें. त्या गाडीच्या पुढील टायरवर '२४५/४५ झेड-आर १७' असें व मागील टायरवर '२७५/४० झेड-आर १८' असें लिहिलेलें असे. यांतील पहिला आंकडा म्हणजे टायरची मिलिमीटरांतील रुंदी. दुसरा आंकडा, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेंकडा किती आहे, तें दाखवितो. शेवटला आंकडा रिमचा इंचांतील व्यास होय. २४५ चे शेंकडा ४५ म्हणजे सुमारें ११० मिलिमीटर, आणि २७५ चे शेंकडा ४० म्हणजेही ११० मिलिमीटर. भिंती सारख्या उंचीच्या, परंतु रिम निराळे. म्हणून पुढील चाकाचा पूर्ण व्यास सुमारें ६५२ मिलिमीटर व मागील चाकाचा सुमारें ६७७ मिलिमीटर होतो. एकच पूर्ण आकाराची स्टेपनी दोन्हीं ठिकाणीं चालावयाची नाहीं, आणि दोन स्टेपन्या ठेवाव्या तर सामानास जागा कोठून आणावी? रन-फ्लॅट टायरनें ही अडचण एकदम सोडविली.

मग असा गुणी टायर लोक कां काढतात? कारण प्रत्येक सोयीची कांहीं तरी किंमत असते. पहिली किंमत कडकपणाची. जी भिंत हवा नसतांना गाडी उचलते, ती हवा असतांनाही सहज दबत नाहीं. त्यामुळें रस्त्यांतील खांचखळगे आंत बसणाऱ्यास अधिक जाणवतात. दुसरी किंमत वजनाची. जादा रबरामुळें टायर जड होतो, आणि हें वजन स्प्रिंगांच्या खालचें असतें. पावसाळ्यांत चिखलानें भरलेल्या वहाणा घालून चालणें, आणि तितकाच चिखल पाठीवरच्या दप्तरांत घेऊन चालणें, यांतील फरक ज्यास ठाऊक आहे त्यास ही गोष्ट समजावून सांगणें नको. जड चाक खड्ड्यांतून वर उचललें गेलें कीं लवकर खालीं येत नाहीं, आणि तेवढा वेळ त्याची जमिनीवरची पकड कमी होते. तिसरी किंमत पैशाची. त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षां रन-फ्लॅट टायर सामान्यतः महाग असतो. शिवाय हवा गेलेल्या स्थितींत तो एकदां धांवला कीं त्याच्या आंत काय इजा झाली आहे हें बाहेरून ओळखतां येत नाहीं. म्हणून बहुधा तो दुरुस्त न करितां टाकूनच द्यावा लागतो.

हें केवळ शौकिनांचें म्हणणें नव्हे. २००१ सालीं त्याच कॉर्व्हेटचा 'झेड-झीरो-सिक्स' नांवाचा अधिक वेगवान प्रकार निघाला, तेव्हां कारखान्यानें स्वतःच त्यास रन-फ्लॅट टायर न देतां हलके साधे टायर दिले, आणि सोबत छिद्र भरण्याच्या द्रवाचा संच दिला. उलट २०२० पासूनच्या आठव्या पिढींत त्याच गाडीस पुन्हां रन-फ्लॅट टायर दिलेले आहेत. यावरून दिसून येईल कीं, या वादांत एक पक्ष सर्वस्वीं खरा व दुसरा सर्वस्वीं खोटा असें नाहीं. ज्यानें त्यानें आपली गरज ओळखावयाची आहे.

आतां बदल करावयाचाच असेल तर तो कसा करावा, तें सांगतों.

प्रथम माप. नवा टायर रुंदीनें, भिंतीच्या उंचीनें व रिमच्या व्यासानें जुन्याइतकाच असावा. टायरचा व्यास शेंकडा तीन कमी झाला तर चाक तेवढेंच अधिक वेळां फिरतें, आणि वेगदर्शक कांटा खऱ्यापेक्षां शेंकडा तीन अधिक वेग दाखवूं लागतो. ब्रेक व चाकांची पकड संभाळणारीं आधुनिक यंत्रेंही चाकांच्या फेऱ्यांवरूनच आपला हिशेब करितात, हें विसरूं नये. मापानंतर भाराचा आंकडा व वेगाचें अक्षर पाहावें. 'व्ही' म्हणजे ताशीं २४० किलोमीटर, 'डब्ल्यू' म्हणजे २७० आणि 'वाय' म्हणजे ३०० किलोमीटर. एवढ्या वेगानें आपणांस जावयाचें नाहीं हें खरें. परंतु गाडीच्या कारखान्यानें ठरविल्याहून खालच्या प्रतीचा टायर घालणें सुज्ञपणाचें नव्हे. शेवटीं टायर केव्हां तयार झाला तें पाहावें. बाजूवर चार आंकडे छापलेले असतात. '२३१९' असें असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत तयार झालेला समजावा.

दुसरी गोष्ट, चारही टायर एकदम बदलावे. एका बाजूस रन-फ्लॅट व दुसऱ्या बाजूस साधा अशी जोडी कधींही करूं नये. एकाची भिंत ताठ व दुसऱ्याची नरम असल्यामुळें वळणावर गाडी दोन निराळ्या वृत्तींनीं वागते. टायर कोणत्या जातीचा आहे हें त्यावरील खुणेवरून ओळखतां येतें. मिशलिन कंपनी 'झेड-पी' अशी खूण करिते, ब्रिजस्टोन 'आर-एफ-टी', कॉन्टिनेंटल 'एस-एस-आर' आणि गुडइयरच्या कित्येक टायरांवर 'ई-एम-टी' अशीं अक्षरें असतात. रन-फ्लॅटसाठीं बनविलेल्या रिमवर साधा टायर बसूं शकतो. उलट प्रकार मात्र करूं नये. ज्या रिमवर तो खास उंचवटा नाहीं व ज्या गाडींत दाब दाखविणारें यंत्र नाहीं, तेथें रन-फ्लॅट टायर घालणें धोक्याचें आहे.

हें दाबदर्शक यंत्र कां लागतें, याचा विचार करण्यासारखा आहे. रन-फ्लॅट टायरची हवा गेली तरी तो उभाच राहतो. म्हणून चालकास कांहीं कळत नाहीं, आणि तो नेहमींच्या वेगानें जात राहतो. दुखणें लपविणारा रोगी जसा वैद्यास अधिक भय उत्पन्न करितो, तसाच हा प्रकार आहे. अमेरिकेंत सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या लहान मोटारींत असें यंत्र सक्तीचें झालें; योग्य दाबापेक्षां हवा शेंकडा २५ कमी झाली कीं त्यानें दिवा लावला पाहिजे असा तेथील नियम आहे. साधे टायर घातल्यावरही हें यंत्र काढूं नये. उलट तें नीट चालतें कीं नाहीं याची खात्री करून घ्यावी. कारण आतां स्टेपनीही नाहीं आणि ताठ भिंतही नाहीं. वेळेवर मिळालेली सूचना हाच पहिला आधार उरतो. आपल्याकडेही २०२० सालीं मोटार-वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, दाबदर्शक यंत्र व दुरुस्तीचा संच असलेल्या लहान मोटारींस स्टेपनीच्या सक्तींतून सूट देण्यांत आली. म्हणून हा विषय केवळ परदेशांतील श्रीमंतांचा राहिलेला नाहीं.

तिसरी गोष्ट, सोबत काय बाळगावें. छिद्र बुजविणारा द्रव, गाडीच्या विजेवर चालणारा लहान हवापंप, रबरी बुचें घालण्याचीं हत्यारें, हातमोजे, विजेरी आणि मागून येणाऱ्या गाड्यांस सावध करणारा चकाकता त्रिकोण, एवढें असावें. द्रवाच्या बाटलीवरील मुदत पाहत जावी, कारण तो जुना झाला म्हणजे निरुपयोगी होतो. त्यानें केलेली दुरुस्ती तात्पुरती असते. त्यानंतर हळू जाऊन टायर जाणकारास दाखविला पाहिजे. या सर्व साधनांची मर्यादा ही कीं, त्यांचा उपयोग जमिनीस टेंकणाऱ्या भागांतील लहान छिद्रापुरताच आहे. छिद्र सुमारें ६ मिलिमीटरांहून मोठें असेल, किंवा बाजूची भिंत चिरली असेल, तर द्रव व बूच दोन्हीं व्यर्थ होत. अशा वेळीं गाडी ओढून नेण्यावांचून गत्यंतर नाहीं.

आणि वेगांत असतां टायर अकस्मात् बसलाच तर? जोरानें ब्रेक दाबूं नये. चक्र दोन्हीं हातांनीं घट्ट पण शांतपणें धरावें, पाय हळूहळू उचलून वेग कमी होऊं द्यावा, आणि गाडी रस्त्याच्या पार कडेस नेऊन मग थांबवावी. घाबरून एकदम वळविलेली गाडी पंक्चरपेक्षां अधिक अनर्थ करिते.

आमच्या मित्रांनीं शेवटीं काय केलें, तें ऐकण्यास वाचक उत्सुक असतील. पतिपत्नींनीं एकत्र बसून निर्णय केला. स्पोर्ट्स मोटारीस साधे टायर घालावे. परंतु घरांत जी दुसरी साधी गाडी आहे व जिच्यांत स्टेपनी आहे, ती रात्रपाळीच्या दिवशीं पत्नींनीं न्यावी, आणि यजमानांनीं त्या दिवशीं स्पोर्ट्स मोटारीनें कामावर जावें. त्याप्रमाणें टायर बदलले. एका रविवारीं दोघांनीं अंगणांत, भर उजेडांत, द्रव भरण्याची व हवा घालण्याची कृति पुस्तकांत पाहून एकदां करून पाहिली. गाडी मऊ चालूं लागली, आवाज कमी झाला, आणि वळणावर पूर्वीचा किंचित् ताठा गेल्याचेंही त्यांस जाणवलें. पहिले चार महिने सुखाचे गेले.

गेल्या हिंवाळ्यांत एका रात्रीं परत येतांना फुटक्या रस्त्याच्या धारदार कडेवर त्यांचें पुढील चाक आपटलें आणि टायरची बाजूची भिंत चिरली. दाबाचा दिवा लागला, त्यांनीं गाडी नीट कडेस घेतली, संच बाहेर काढला, आणि विजेरीच्या उजेडांत ती चीर पाहतांच तो पुन्हां पेटींत ठेवला. ओढून नेणारी गाडी येण्यास अडीच तास लागले. बाहेर बर्फ पडत होतें. ते लिहितात, "त्या अडीच तासांत हें पत्र मनांत लिहून झालें. रन-फ्लॅट टायर असते तर मी अर्ध्या तासांत घरीं पोहोंचलों असतों. तरीही मला पश्चात्ताप झाला नाहीं, कारण हा सौदा मीं डोळे उघडे ठेवून केला होता. मात्र त्या रात्रीं माझ्या जागीं माझी पत्नी असती, तर मीं स्वतःस क्षमा केली नसती. तिनें तो प्रश्न आधीं विचारला म्हणून ती त्या वेळीं सुखरूप कामावर होती."

आम्हांस या पत्रांतील शेवटचीं दोन वाक्यें टायरांच्या सर्व माहितीपेक्षां मोलाचीं वाटतात. नवी वस्तु घेतांना ती काय देते हें दुकानदार सांगतो. ती घेतल्यानें काय जाणार आहे, हें मात्र आपणच विचारावयाचें असतें. ज्यांस एकाकी रस्त्यानें रात्रीं-अपरात्रीं जावें लागतें, त्यांनीं कडक गादी सोसून रन-फ्लॅट टायर ठेवावे हें उत्तम. ज्यांचा प्रवास वस्तींतला व मदत जवळची, त्यांनीं खुशाल साधे टायर घालावे. परंतु संच बाळगावा, तो वापरण्यास शिकावें, आणि महिन्यांतून एकदां हवेचा दाब स्वतः पाहावा.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याजवळ स्पोर्ट्स मोटार नसेल, पण सायकल आहे. उद्यां शाळेस निघण्यापूर्वीं तिच्या दोन्हीं चाकांवर अंगठा दाबून पाहा. घंटेच्या आधीं पोहोंचण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस ठाऊक नाहीं.